पांढऱ्या पट्ट्या

"शोकाकुलमधी सहा नावं झाली, काका. अजून कोणाचं हाये काय?" छापखान्यातल्या मोनालीनं कॉम्प्युटरवरची नजर न काढता विचारलं.

शालिकराम मेहरे तिच्या मागं स्टुलावर बसला होता. हातात थोरल्या भावानं, देवानंददादानं लिहून दिलेला कागद होता. पहिलं नाव देवानंदाचं स्वतःचं, दुसरं शालिकरामचं, मग तीन नातू आणि शेवटी पणतू शिवम. शिवमचं वय दोन वर्षं. पणजीची तिरडी उचलली तेव्हा तो कुणाच्या तरी कडेवर बसून बिस्किट मागत होता. पण शोकाकुलांत त्याची जागा पक्की होती.

त्याची माय, गंगूबाई, जाऊन पाच दिवस झाले होते. शहाऐंशी वर्षांची बाई, अमरावतीजवळच्या मळ्यात आयुष्यभर मेथी-कोथिंबीर खुडत राहिली आणि एका सकाळी चहा अर्धा टाकून गेली. तेरवीच्या पत्रिका छापायचं काम अर्थातच शालिकरामकडं आलं. घरचाच छापखाना म्हटल्यावर दुसरीकडं कोण जाईल? छापखाना घरचा नव्हता, तो अकोल्यात जठारपेठेत किशोरभाऊंचा होता, आणि शालिकराम तिथं छत्तीस वर्षं मशीनवर होता. पण गावाला एवढा बारीक फरक करायची सवय नसते.

सकाळच्या एसटीनं तो अकोल्याला आला, तेव्हा किशोरभाऊंनी दारातच अडवलं होतं. "सुतकात मशीनले हात लावतो काय रे?"

"मशीनले बारा महिने सुतकच असते, भाऊ," शालिकराम म्हणाला. "दिवसाले दोन तेरव्या जातात तिच्यावरून."

किशोरभाऊ बाजूला झाले.

शालिकरामला ओळखणारे त्याला मशीनमन म्हणूनच ओळखत. तो चित्रकार आहे ही बातमी त्याला स्वतःलाही उशिराच कळली. छापायला सुरुवात केली की मशीनवर शाई लगेच सारखी बसत नाही. ती बसेपर्यंत तीस-चाळीस कागद वाया घालवावे लागतात, आणि त्यासाठी कोरे कागद कोण वापरणार? वापरलेलेच कागद पुन्हा पुन्हा फिरवतात. त्यामुळं एकाच कागदावर लग्नपत्रिका, तिच्यावर कोचिंग क्लासची जाहिरात, तिच्यावर भागवत सप्ताह आणि त्याच्यावर तेरवी असं सगळं एकमेकांच्या उरावर बसतं. शेवटी तो गठ्ठा रद्दीत जातो. वीस वर्षांपूर्वी असा एक कागद शालिकरामनं घरी नेला. नवरीच्या नावावर नगरसेवकपदाच्या उमेदवाराचे जोडलेले हात आले होते आणि दोन्हींवरून काळा पट्टा गेला होता. त्याला तो कागद टाकवेना. मग दुसरा नेला, तिसरा नेला. कापून, फाडून, एकावर एक खळीनं चिकटवून तो प्लायवूडवर काहीबाही करू लागला. "लोकं घरात लक्ष्मी आणतात, तुमी रद्दी आणता," असं बायको म्हणायची. नंतर तिनंही नाद सोडला आणि पलंगाखालची जागा त्याच्या नावावर करून टाकली.

अमरावतीला चित्रकला शिकवणाऱ्या गीतांजली मॅडम एकदा भाचीच्या लग्नाच्या पत्रिका घ्यायला छापखान्यात आल्या. तिथं भिंतीला टेकवलेला त्याचा एक प्लाय बघून त्या पत्रिका विसरल्या. हे जे तुम्ही करता त्याला अमूर्त म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. शालिकरामला तोवर वाटत होतं की त्याला रिकामा उद्योग म्हणतात.

पण मॅडम खऱ्या अडकल्या त्या एका पांढऱ्या चित्रात. सहा फूट लांब प्लाय आणि त्यावर नुसत्या पांढऱ्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या, एकीला एक लागून, चारशेच्या वर. लांबून चुन्यानं सारवलेली भिंत वाटावी. जवळ गेलं की कळायचं, प्रत्येक पांढरा वेगळा आहे. कुठला कागद दुधाळ, कुठला निळसर, कुठला जुना होऊन पिवळा पडलेला, एका पट्टीवर अंगठ्याचा ठसा. मॅडम बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे काय आहे, काका?"

"तेरवीच्या पत्रिका हायेत," शालिकराम म्हणाला. "शोकाकुलमधी मुलं येतात, नातू येतात, पुतने येतात. पोरी येत नाईत. शेवटच्या नावाच्या खाली जे जागा कोरी राह्यते ना, ते कापून घेतो मी."

"म्हणजे ही मुलींची जागा?"

"हो."

मॅडमचे डोळे भरून आले होते. शालिकरामला जरा संकोच वाटला आणि जरा बरंही वाटलं. त्या चित्रासाठीच मॅडमनी अमरावतीला प्रदर्शन ठरवलं. तारीख चार महिन्यांपासून ठरलेली होती, रविवारची. गंगूबाईची तेरवीही आता त्याच रविवारी आली.

एक गोष्ट मात्र त्यानं मॅडमना सांगितली नव्हती. वरून तिसऱ्या ओळीत एक पट्टी त्याच्या स्वतःच्या बापाच्या पत्रिकेची होती. नऊ वर्षांपूर्वी दादानं अशीच यादी दिली होती, त्यात बहिणीचं नाव नव्हतं, आणि शालिकरामनं मुकाट्यानं तीनशे पत्रिका छापल्या होत्या. कात्री मग चालवली.

"काका?" मोनालीनं पुन्हा विचारलं. "फायनल करू काय?"

"थांब," शालिकराम म्हणाला आणि बाहेर येऊन त्यानं दादाला फोन लावला.

"दादा, बाईचं नाव राह्यलं यादीत."

"कोणत्या बाईचं?"

"आपल्या बाईचं. मायची पोरगी हाये ना ते."

 देवानंद म्हणाला, "पोरगी हाये त कोण नाई म्हणते? पन ते तिकडची झाली. आपल्यात पद्धत हाये काय तशी? बाबाच्या पत्रिकेत होतं काय तिचं नाव? तूच छापली ना?"

"मायचं सारं तिनं केलं, दादा. सा महिने राह्यली घरी. आंग पुसलं, हागणं-मुतणं काढलं."

"केलं. म्या कुठी म्हटलं नाई केलं म्हणून? तिले साडी घेऊ, चांगली घेऊ. पन आज पत्रिकेत नाव आलं त उद्या वावरात नाव पायजे म्हणन. ते नाई म्हणन त तिचे पोरं म्हणतीन. तुले काई समजत नाई. जसं लिहून देल्लं तसं छाप."

"हो," शालिकराम म्हणाला.

हा होकार सवयीचा होता. दादा त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याला नाही म्हणायचं असतं हे शालिकरामला कुणी शिकवलं नव्हतं. फोन खिशात टाकून तो रस्त्यावरची रहदारी बघत उभा राहिला. मग आत आला.

"एक ओळ वाढव," त्यानं मोनालीला सांगितलं. "कन्या."

"सगळ्यात वर टाकू?"

त्यानं विचार केला. एवढी हिंमत काही होईना. "नाई, खाली टाक. शिवमच्या खाली."

"नाव?"

"सत्यभामा."

"आडनाव?"

इथं तो अडखळला. मेहरे हे आडनाव तिच्या अंगावरून उतरवून सेहेचाळीस वर्षं झाली होती. सासरचं लावलं तर दादा म्हणणार, हेच तर सांगत होतो. "राहू दे," तो म्हणाला. "नुसतं सत्यभामा."

पत्रिका त्यानं स्वतःच्या हातानं छापल्या. मोनालीनं मोजून गठ्ठा बांधून दिला. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्यानं गठ्ठा मांडीवर धरला होता. आपण आयुष्यात एक बरं काम केलं असं त्याला मूर्तिजापूर येईपर्यंत वाटत होतं. बडनेऱ्याला दादाचा चेहरा आठवायला लागला.

देवानंद ओट्यावर बसला होता. पत्रिका वाटायला निघालेले दोन पुतणे मोटारसायकलला टेकून उभे होते. देवानंदानं चष्मा लावला, वरपासून वाचत खाली आला आणि शेवटच्या ओळीवर थांबला. त्याच्या मानेची शीर तटतटली.

"म्या काय सांगतलं होतं तुले?"

शालिकराम गठ्ठ्याची सुतळी गुंडाळत राहिला.

"आता दुसऱ्या छापून होतीन काय?"

"परवा होतीन."

"परवा वाटाच्या कवा अन् लोकं येतीन कवा?" देवानंदानं पत्रिका डोळ्यांजवळ नेली, पुन्हा वाचली. आणि मग त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. तो चक्क हसला. "सत्यभामा! अरे, हे नाव गावात मालूम कोणाले हाये? मायले होतं, ते गेली. सोयऱ्याइले काय समजते हे कोण ते? जाऊ दे. वाटा रे पत्रिका."

मोटारसायकल निघून गेली तेव्हा कुठं शालिकरामच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

एकोणऐंशी साली याच अंगणात बाईचं लग्न लागलं. शालिकराम तेव्हा दहा वर्षांचा. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यामुलानं अंगठीनं त्यात रेघोट्या ओढून नाव लिहिलं, आणि सोळा वर्षांची सत्यभामा उठली ती पार्वता होऊन. शेंदूरजनाघाटला, नवऱ्याच्या म्हणजे नत्थुजींच्या संत्र्याच्या बागेत, ती पार्वताबाई झाली. माहेरीही मग बाप, दादा, गाव, सगळे पार्वताच म्हणू लागले. राशन कार्डावर तेच, आधारवर तेच. एकटी माय तिला आत चुलीजवळ, कुणी नसताना, सत्या म्हणायची. शालिकराम तिला जन्मापासून 'बाई' म्हणत आला होता. नवं नाव उच्चारायची वेळच त्याच्यावर आली नाही, म्हणून जुनंच त्याच्याजवळ राहून गेलं. छत्तीस वर्षं दुसऱ्याच्या नावातले काना-मात्रे सांभाळणाऱ्या माणसानं सख्ख्या बहिणीचं नाव छापलं, आणि असं छापलं की ते तिचं आहे हे कुणाला कळू नये. त्याला स्वतःची चीड आली. ती गिळून तो आत गेला.

बाई मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. बासष्ट वर्षांची, काटक, केस सगळे पांढरे, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यानं पत्रिका पुढं केली. तिनं हात पदराला पुसले आणि चौथी शिकलेल्या माणसासारखी ओठ हलवत, अक्षर अक्षर लावत ती वाचत गेली. शेवटच्या ओळीला ओठ थांबले.

"तुले ठाव होतं काय रे हे नाव? तू त लहान होता."

"ठाव होतं," तो म्हणाला. "पन चुकलं, बाई. पार्वता टाकाले पायजे होतं. आता कोणी ओयखत नाई."

बाईनं पत्रिका परत एकदा पाहिली. मग घडी घालून कमरेच्या पिशवीत, सुपारीजवळ ठेवली. "असू दे," ती म्हणाली आणि सूप पुढं ओढलं.

रविवारी सकाळी मांडव भरायला लागला. दहाव्याला केस काढलेलं डोकं उन्हात चटचटत होतं, म्हणून शालिकरामनं रुमाल बांधला होता. आचारी बुंदी पाडत होता आणि झाऱ्याशी वाद घालत होता. तेवढ्यात गीतांजली मॅडमचा फोन आला.

"काका, पेपर पाहिला का? अर्धं पान दिलंय. मुलींची हरवलेली जागा शोधणारा चित्रकार, असं लिहिलंय. लोक आत्तापासून यायला लागलेत. पांढऱ्या चित्रासमोरून हलत नाहीत. तुम्ही हवे होतात."

"इकडं तेरवी हाये, मॅडम," तो म्हणाला.

"हो, माहीत आहे. सॉरी. आईंची ना? एकच विचारते, लोक विचारतायत म्हणून. हे तुमच्या घरातून आलंय का? म्हणजे तुमचा काही अनुभव?"

शालिकरामनं मांडवाकडं पाहिलं. "मॅडम, पाहुणे बसून राहिले. वाढाचं हाये," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

पहिली पंगत पुरुषांची. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, पोळी, बुंदी. शालिकरामकडं वरणाची बादली होती. मधल्या ओळीत यावलीचे मामा बसले होते, गंगूबाईचे चुलतभाऊ, वय ऐंशीच्या पुढं, ऐकू कमी येत असल्यामुळं आवाज मोठा. खिशातून पत्रिका काढून, चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी ती हातभर लांब धरली आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "काहो देवानंदजी, हे सत्यभामा कोण व्हय? तुमच्या बापानं दुसरी करून ठेवल्ती काय?"

मांडव हसला. तेरवीला हसू नये असं काही नाही. शहाऐंशी वर्षांचं माणूस गेलं की तेराव्या दिवशी लोक मोकळे झालेले असतात. देवानंदही हसला. आजचा दिवस त्याला निभावून न्यायचा होता.

"नाई हो, मामा. छापखान्याची मिश्टेक हाये ते. दुसऱ्याचं नाव घुसलं आपल्यात."

सगळ्यांच्या माना शालिकरामकडं वळल्या, कारण छापखाना म्हणजे तोच, बादली घेऊन उभा होता. मामांनी त्याच्याकडं पत्रिका हलवली. "काय रे, शालिक? एवढा पेपरात फोटो आला तुया, अन् मायच्या पत्रिकेत अशी चूक करतं?"

बोलायचं तर आत्ताच होतं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्याच्याजवळ होतं. चारशे पट्ट्या कापताना त्यानं ते मनात किती वेळा म्हटलं असेल. दादा त्याच्याकडं बघत होता. रागानं नव्हे, लहानपणी शालिकराम विहिरीच्या काठावर उडी मारायला उभा राहिला की बघायचा तसा, आता हा काही करणार नाही या भरवशानं.

"होते कधी कधी," शालिकराम म्हणाला.

म्हटलं आणि त्याला अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं वाटलं. मामा 'असं असं' म्हणून पत्रिका घडी घालायला लागले.

तेवढ्यात बाई मागच्या दारातून पोळ्यांचं टोपलं घेऊन बाहेर आली. पुरुषांच्या पंगतीत लेकीनं वाढायला येण्याची रीत नव्हती, पण पोळी संपल्याची हाक दोनदा गेली होती आणि मागं दुसरं कुणी मोकळं नव्हतं. तिनं सगळं ऐकलं होतं. दार काही लांब नव्हतं. ती ओळीच्या टोकाला उभी राहिली, पदर खोचला आणि मामांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवून बोलली.

"मामाजी, मी हाओ सत्यभामा."

मामांनी कानाला हात लावला. "कोण?"

"मी. गंगूबाईची पोरगी. पार्वता नाव सासरी ठेवलं. मायनं सत्यभामा ठेवल्तं. मिश्टेक नाई काई. बरोबर छापलं त्यानं."

 एका पाहुण्यानं उगाच पाण्याचा पेला उचलला. देवानंद ओट्याच्या खांबाला धरून उभा राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू जाग्यावरच राहिलं होतं, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. मामांनी घडी घातलेली पत्रिका पुन्हा उघडली आणि चष्मा नीट डोळ्यांवर घेतला.

"गंगूची पोरगी," ते म्हणाले. "हो ना. गंगूले एक पोरगी होतीच."

"हाये," बाई म्हणाली. "पोळी घ्या."

मामांनी पत्रावळ पुढं केली. बाईनं दोन पोळ्या वाढल्या आणि ती पुढच्या माणसाकडं सरकली. तिथंही तेवढ्याच शांतपणे वाढल्या.  नेहमी वाढते तशी ती वाढत होती. चार माणसं झाल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. शालिकराम अजून तिथंच होता, बादलीतला डाव हातात, खाली बघत. त्याला तिच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि तिच्यासमोर उभंही राहवत नव्हतं.

"वरण वाढ ना रे," बाई म्हणाली. "काहून थांबला? पाहुणे कोरडी पोळी खातीन काय?"

त्यानं बादली उचलली. ती पुढं आणि तो मागं, असे ते दोघं ओळीच्या शेवटापर्यंत वाढत गेले.